टकलावरच्या लेपाचं कूळ

टक्कल पडण्यावर डोक्याला लावायचं आणि खरोखर काम करतं असं सिद्ध झालेलं पहिलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. अमेरिकेत त्याच्या २ टक्के द्रावणाच्या खोक्यात माहितीचा कागद असे आणि त्यावर चाचणीचे आकडे छापलेले असत. चार महिने औषध लावलेल्या पुरुषांपैकी २६ टक्के म्हणाले की केस बऱ्यापैकी किंवा दाट उगवले, ३३ टक्के म्हणाले थोडेफार उगवले. ज्यांना औषध न घालता नुसता द्रव दिला होता, त्यांच्यात हेच आकडे ११ आणि ३१ होते. म्हणजे औषध नसलेला द्रव चोळून शंभरातल्या ४२ जणांना आपले केस उगवल्याचं दिसलं.

औषधाच्या आकड्यापेक्षा मला हा ४२ चा आकडा मोलाचा वाटतो. टकलावरच्या लेपांचा गेल्या साडेतीन हजार वर्षांचा बाजार याच मंडळींच्या जिवावर उभा आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. लेपाचं शोधायला हरकत नाही. फक्त पूर्वज जरा उग्र वासाचे निघतात.

इ.स.पू. १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये टकलावर चोळायच्या चरबीची यादी आहे : सिंहाची, पाणघोड्याची, मगरीची, मांजराची, सापाची आणि डोंगरी बोकडाची. दुसऱ्या एका पाठात कुत्र्याचे पंजे, खजुराच्या बिया आणि गाढवाचे खूर तेलात शिजवायला सांगितले आहेत. हा पाठ राजा तेतीच्या आईसाठी केला होता अशी नोंदही सोबत आहे. मोठ्या घरातल्या बाईने वापरलं म्हणजे चांगलंच असणार, ही जाहिरातीची युक्ती तेव्हाही चालत होती. या सगळ्या जनावरांच्या गर्दीत आपल्या ओळखीचं नाव एकच, एरंड. बायकांचे केस वाढावेत म्हणून एरंडाच्या बियांचं तेल लावा, असं तो पपायरस सांगतो. एरंडेल आजही घरोघरी त्याच कामाला आहे आणि त्याचा पुरावाही साधारण तेवढाच आहे.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेनने क्लिओपात्राच्या नावावर असलेल्या एका प्रसाधनग्रंथातला टकलाचा लेप उतरवून ठेवला. जाळलेले घरातले उंदीर, घोड्याचे दात, अस्वलाची चरबी, हरणाच्या हाडातला मगज. ग्रंथ त्या राणीचाच की तिच्या नावावर खपवलेला, हा वाद बाजूला ठेवू. ज्युलियस सीझर विरळ केस मागून पुढे विंचरायचा आणि सेनेटने दिलेल्या मानांपैकी पर्णमुकुट कायम घालण्याचा मान त्याला सगळ्यांत प्रिय होता, असं सुएटोनियसने लिहून ठेवलं आहे. ज्याच्या हाताशी सगळं साम्राज्य, त्याला शेवटी पानांचा आधार घ्यावा लागला. यावरून उंदरांच्या लेपाची किंमत कळते.

सुश्रुतसंहितेत आलो की भाषा बदलते. तिथे आधी कारण सांगायचा प्रयत्न आहे : केसाच्या मुळाशी गेलेलं पित्त वाताच्या संगतीने केस गाळतं आणि मग कफ रक्तासह ती छिद्रं बंद करतो, म्हणून नवा केस येत नाही. गळणं एक आणि पुन्हा न उगवणं दुसरं, हा फरक त्यात स्पष्ट केला आहे. त्रिदोष मानोत न मानोत, नोंद नीट बघून केलेली आहे. याच रोगाला तिथे इंद्रलुप्त, खालित्य अशी नावं आहेत. इंद्रलुप्त म्हणजे बहुधा आपल्याकडे जिला चाई म्हणतात ती, डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडणारी.

उपाय मात्र मवाळ नाही. शीर तोडून रक्त काढा आणि मिरे, मनशीळ, हिराकस, मोरचूद यांचा लेप द्या. नाहीतर त्या जागेला शस्त्राने बारीक खोल चिरा पाडून गुंजांचा कल्क पुन्हा पुन्हा लावा. जाई, कण्हेर, चित्रक आणि करंज यांत शिजवलेलं तेलही सांगितलं आहे. यातली बहुतेक द्रव्यं कातडीची आग करणारी आहेत आणि हे योगायोगाने झालेलं नाही. झोपलेल्या जागेला डिवचून उठवायचं, अशी ती विचारसरणी आहे. चाईवर गुंज उगाळून लावणारे आजही खेडोपाडी भेटतात. जखमेच्या जागी केस आणण्यासाठी आणखी एक लेप आहे, हस्तिदंताची मषी आणि रसांजन यांचा, आणि त्याची ग्वाही अशी की याने तळहातावरसुद्धा केस येतात. केसांच्या तेलांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी हा मजकूर वाचलेला नसावा. नाहीतर ते इतके मागे राहिले नसते.

या सगळ्याचा घरगुती वारस म्हणजे माक्याचं तेल. संस्कृतात भृंगराज. पाणथळ जागी, भाताच्या बांधावर आपोआप उगवणारी ही पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती. पाला वाटून रस पिळायचा. तो हातांना लागला की थोड्या वेळाने काळा पडतो, आणि या काळेपणातच तिच्या कीर्तीचं बीज असावं. रस तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात ओतून मंद आचेवर ठेवायचा. आधी तेल फसफसतं, मग रसातलं पाणी उडत जाईल तशी तडतड सुरू राहते आणि ती थांबली की तेल झालं. खात्री करायची तर तळाचा कल्क बोटांत वळून वात करतात आणि विस्तवावर धरतात. न चरचरता जळली तर पाणी संपलं. यात कुणी जास्वंदीची फुलं घालतं, कुणी ब्राह्मी, कुणी कढीलिंब, कुणी वडाच्या पारंब्या. घराघराचा पाठ वेगळा आणि प्रत्येक घरात एक तरी साक्षीदार : बाळंतपणानंतर केस नुसते ओंजळीने जात होते, आईने तेल काढून दिलं, सहा महिन्यांत होते तसे झाले.

साक्ष खोटी नसते, निष्कर्ष चुकतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस. प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्र. काही वर्षं केस वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, मग साधारण तीन महिने तो नुसता मुळाशी अडकून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा हिशेबातला खर्च आहे. गरोदरपणात वाढीच्या अवस्थेत रेंगाळलेले केस बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, कडक उपास, मोठं ऑपरेशन, या सगळ्यांनंतर हेच होतं. यात मूळ मेलेलं नसतं, त्यामुळे केस आपणहून परततात. बाई घाबरून तेल लावायला घेते ती गळती ऐन भरात असताना, आणि तेव्हा ओहोटी जवळच आलेली असते. चाईचंही तसंच. एखाद-दुसरी चकती असेल तर ती पुष्कळदा वर्षभरात आपली आपण भरते; मध्ये गुंज लावली असेल तर गुंजेचा जय.

खोबरेल निरुपयोगी आहे असं मात्र नाही. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरून धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करतं असं दिसलं. खनिज तेलाने आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसं होत नव्हतं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते हे ध्यानात ठेवूनही तो प्रयोग वाचण्यासारखा आहे. पण दांडा हा केसाचा मेलेला भाग. तेल त्याची निगा राखतं. आत मुळात काय चाललंय, त्यात तेलाला शिरकाव नाही. माक्याच्या अर्काने उंदरांचे केस लवकर वाढीला लागल्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. उंदराच्या पाठीवरून माणसाच्या टकलावर उडी मारणं जाहिरातवाल्यांना सोपं वाटतं.

एकोणिसावं शतक हा या बाजाराचा सुवर्णकाळ. लंडनमधल्या रोलंड नावाच्या केशकर्तनकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस मकासर तेल काढलं. सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदराचं नाव देऊन त्याला दूरदेशीचा सुगंध आणला. ते इतकं खपलं की पुरुषांच्या डोक्यांनी खुर्च्यांच्या पाठी तेलकट व्हायला लागल्या आणि गृहिणींनी त्यांवर विणलेले रुमाल टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल अंथरायची हौस कित्येक वर्षं टिकली. तिचं मूळ या तेलकट साहेबांपाशी जातं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सात सदरलँड बहिणी तर स्वतःच जाहिरात होत्या. सातींचे केस मिळून ३७ फूट भरत. त्या मंचावर गात, मग केस मोकळे सोडत, आणि पाहणारे केसवाढीच्या बाटल्या घेऊन घरी जात. बाटलीत मुख्यतः विच हेझेल या झुडपाचं पाणी आणि बे रम निघालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ साली नियम केला की दुकानात खुलेआम मिळणाऱ्या कुठल्याही द्रव्याने केस उगवतात असा दावा करता येणार नाही. आपल्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, म्हणजे जे रोग बरे करण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही त्यांची. टक्कल त्या यादीत आहे. तरी रिक्षाच्या पाठीवर, लोकलच्या डब्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर तो दावा रोज वाचायला मिळतो.

खरा धागा या लेपांच्या बाजारातून आलाच नाही. तो हिपोक्रेटिसच्या एका छोट्या निरीक्षणातून आला : खोजांना टक्कल पडत नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ हे वाक्य नुसतं पडून होतं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने त्याचा पाठपुरावा केला. वृषण काढलेल्या पुरुषांना त्याने टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस गळायला लागले, बाकीच्यांचे नाहीत. हे १९४२ साली छापून आलं. म्हणजे संप्रेरक हवं आणि वारसाही हवा. आज आपल्याला माहीत आहे की ५-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त जोरदार रूपात रूपांतर करतं, आणि टाळूवरच्या वारसा लाभलेल्या मुळांना ते सोसत नाही. मूळ दर फेरीला लहान होत जातं, वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो, आणि शेवटी काळ्या जाड केसाच्या जागी फिकी लव उरते.

तरी एक समज हटत नव्हता : टाळूला रक्त कमी पडतं म्हणून टक्कल पडतं. टोप्या घट्ट असतात म्हणून, मालिश होत नाही म्हणून, शीर्षासन केलं जात नाही म्हणून. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात या समजाचा निकाल लावला. मानेकडच्या भागातले केस मुळासकट काढून त्यांनी टकलावर रोवले. ते तिथे वाढत राहिले. त्याच जमिनीत, त्याच रक्तावर. दोष जमिनीचा नसून मुळाचा होता. आजच्या केसरोपणाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे आणि टाळूची मालिश करून केस आणणाऱ्यांचं सगळं शास्त्र याच गोष्टीने कोसळायला हवं होतं.

औषध आलं ते भलत्याच दारातून. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी अपजॉन ही औषध कंपनी होती. १९५० च्या दशकात तिथले रसायनतज्ज्ञ पोटातल्या अल्सरवर औषध शोधत होते. डायअलिलमेलामाइन नावाचं एक संयुग त्यांनी तपासलं. अल्सरवर त्याचा ढिम्म परिणाम नव्हता, पण ते रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब भराभर खाली आणत होतं. कंपनीने अल्सर सोडून दिला, त्या संयुगाची दोनशेहून जास्त भावंडं बनवली, आणि त्यांतून मिनॉक्सिडिल हाती आलं. पेटंटवर विल्यम अँथनी आणि जोसेफ उर्सप्रंग यांची नावं आहेत. कुत्र्यांवर दिलं तेव्हा हृदयाच्या उजव्या कप्प्यात इजा दिसली, त्यामुळे माणसांवर वापरायला प्रशासन कचरत होतं. इतर कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांपुरतीच वाट मोकळी झाली.

डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात चार्ल्स चिडसी यांच्याकडे हे रुग्ण होते. रक्तदाब उतरला. काही आठवड्यांत रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, दंडांवर, पाठीवर केस यायला लागले. हृदयाच्या वैद्याला हा त्रासदायक दुष्परिणाम होता. बायकांनी तर औषध नको म्हणावं इतका. त्वचाविभागातल्या ग्विंटर कान यांना मात्र त्यात वेगळं दिसलं. कान हे लहानपणी नाझी जर्मनीतून घरच्यांबरोबर अमेरिकेत आलेले ज्यू. त्यांनी आणि त्यांचे शिकाऊ सहकारी पॉल ग्रँट यांनी औषधाचं द्रावण करून स्वतःच्या हातांवर चोळलं. ज्या जागी चोळलं त्या जागी केस आले. गोळी न घेता, नुसतं लावून. टकलावरच्या लेपाचा आधुनिक इतिहास त्या हातांवर सुरू झाला. कंपनीला विचारलं नव्हतं म्हणून कंपनी रागावली, आणि मग पेटंटमधून त्यांची नावं गळाली म्हणून हे रागावले. भांडण वर्षानुवर्षं चाललं. १९८६ साली निघालेल्या पेटंटवर चिडसी आणि कान अशी दोन्ही नावं आहेत.

दरम्यान गोळी १९७९ साली लोनिटेन या नावाने रक्तदाबासाठी बाजारात आली. पुढच्याच वर्षी अँथनी झॅपाकोस्टा या वैद्याने एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं की रक्तदाबासाठी ही गोळी घेणाऱ्या त्यांच्या एका टकल्या रुग्णाच्या डोक्यावर पुन्हा केस आले आहेत. एवढं पुरलं. डॉक्टर गोळ्या कुटून, अल्कोहोलमध्ये कालवून लोशन करायला लागले. कंपनीही जागी झाली. विस्कॉन्सिनमधल्या प्रायमेट केंद्रात हिदेओ उनो यांच्याकडे आखूड शेपटीची माकडं होती. वयात आल्यावर या माकडांना माणसासारखं टक्कल पडतं. त्यांच्या कपाळावर औषध चालतंय हे दिसलं. ऑगस्ट १९८८ मध्ये २ टक्के द्रावणाला मंजुरी मिळाली. कंपनीला रीगेन हे नाव हवं होतं. गेलेलं परत मिळेल असा त्यातून अर्थ निघतो म्हणून प्रशासनाने ते नाकारलं आणि अमेरिकेत ते रोगेन झालं. १९९१ साली बायकांसाठी मंजुरी आली, १९९६ साली चिठ्ठीवाचून विक्री सुरू झाली, पुढच्या वर्षी ५ टक्के आलं, २००६ साली फेस.

आता ते करतं काय? रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून केस वाढतात, असं उत्तर सोपं होतं आणि अपुरं निघालं. हायड्रॅलझिन हे औषधसुद्धा रक्तवाहिन्या रुंद करतं, पण त्याने कुणाच्या गालावर केस आले नाहीत. डायझॉक्साइड या तशाच दुसऱ्या औषधाने येतात. डायझॉक्साइड आणि मिनॉक्सिडिल यांच्यात समान गोष्ट म्हणजे दोन्ही पेशींच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं उघडतात. त्यापुढे मुळाशी नेमकं काय घडतं यावर अजून पुष्कळ काम चालू आहे. बाहेरून दिसतं ते असं की केसाची विश्रांती लवकर संपते आणि वाढीचा काळ लांबतो. डीएचटीला हे औषध हात लावत नाही. म्हणजे मुळाचा वैरी तसाच राहतो, आणि म्हणून लावणं थांबवलं की तीन-चार महिन्यांत कमावलेले केस निघून जातात.

बाटलीतलं औषध तसं अर्धवटच असतं. त्वचेतल्या सल्फोट्रान्सफरेज या विकराने त्याचं मिनॉक्सिडिल सल्फेट केल्यावरच ते कामाला लागतं. हे विकर कुणाच्या टाळूत भरपूर, कुणाच्या नावापुरतं. दोन भाऊ एकाच बाटलीतून लावतात, एकाला फरक पडतो, दुसऱ्याला पडत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. मेडिकलवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ड्रॉपरने एक मिलि सकाळी आणि एक मिलि रात्री, केसांना न फासता भांग पाडून कातडीवर. सुकल्यावर पांढरट पूड राहते, खाज येते. ती पुष्कळदा औषधाची नसून सोबतच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची असते, म्हणून फेस काढला. आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस जास्त गळतात. विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देत असतात, पण बेसिनमध्ये केसांचा झुपका बघून अनेकजण इथेच बाटली फेकतात. बायको म्हणते, मी आधीच सांगितलं होतं, माक्याचं तेल लावा.

सुश्रुताच्या चिरांची आठवण मला झाली ती सायनच्या महापालिका रुग्णालयातल्या एका चाचणीमुळे. तिथल्या त्वचाविभागाने २०१३ साली शंभर पुरुषांवरचं काम प्रसिद्ध केलं. निम्म्यांना नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रूळ टाळूवर फिरवायचा. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेत सुया फिरवलेल्यांचे सरासरी ९१ केस वाढले, नुसतं औषध लावणाऱ्यांचे २२. जगभरच्या केसतज्ज्ञांनी या मुंबईच्या आकड्यांचा दाखला दिला आणि डर्मारोलरची दुकानं भरली. प्रच्छान करून, म्हणजे चिरा पाडून, लेप लावायचा, ही कल्पना जुनी. केस मोजायचे, मोजणाऱ्याला कुणाचं डोकं कुठल्या गटातलं ते सांगायचं नाही, ही नवी. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणणाऱ्यांनी पहिलं वाचून थांबू नये. ऑनलाइन मागवलेला रूळ न्हाणीघरात न उकळता वापरून पू झालेलेही पुष्कळ आहेत.

डीएचटीवरचा घाव दुसरीकडून आला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात ५-अल्फा रिडक्टेज जन्मतःच कमी असलेल्या मुलांवर १९७४ साली ज्युलिआन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी लिहिलं. ही मुलं मोठी होऊन पुरुष झाली की त्यांचं प्रोस्टेट लहान राहतं आणि कपाळाच्या कडांना केस मागे सरकत नाहीत. मर्क कंपनीने ते विकर अडवणारं फिनास्टेराइड काढलं. १९९२ साली प्रोस्टेटसाठी, १९९७ साली टकलासाठी, दोन्ही वेळा गोळी. लैंगिक तक्रारींच्या धास्तीने लोकांना तीच लेपात हवी झाली. आपल्याकडे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात. लावलं म्हणजे ते डोक्यावरच राहतं असा हिशेब असतो. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत फिनास्टेराइडच्या फवाऱ्याने रक्तातलं डीएचटी सुमारे ३५ टक्के उतरलं, गोळीने ५६. कमी, पण शून्य नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने दुकानात कालवून विकल्या जाणाऱ्या या लेपांबद्दल इशारा दिला. पुरुषाच्या डोक्यावरून, उशीवरून ते गरोदर बाईच्या कातडीत जाऊ शकतं, आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला ते घातक ठरू शकतं.

लेप जिथे लावला तिथेच थांबतो, हा समज मिनॉक्सिडिलनेही मोडला. टाळूतून सरासरी १.४ टक्के औषध रक्तात जातं. माणसाला ते सहसा जाणवत नाही. मांजराला मालकाचं डोकं चाटूनही जिवावर बेतू शकतं. मांजर पाळणाऱ्यांनी ही बाटली बंद कपाटात ठेवावी आणि लावल्यावर हात धुवावेत. युरोपात बापाच्या टाळूवर गाल टेकून झोपणाऱ्या तान्ह्या बाळांच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी झाल्या. बापाने लावणं थांबवल्यावर ती गेली. पण कमाल झाली ती स्पेनमध्ये, २०१९ च्या उन्हाळ्यात. डझनाहून जास्त लहान मुलांच्या कपाळावर, गालांवर, हातापायांवर केस उगवले. तपासात कळलं की त्यांना छातीतल्या जळजळीसाठी दिलेल्या ओमेप्राझोलच्या पातळ औषधात चुकीने मिनॉक्सिडिल भरलं गेलं होतं. पोटाच्या आम्लावरचं औषध शोधताना निघालेलं द्रव्य साठेक वर्षं फिरून पोटाच्या औषधाच्या बाटलीत शिरलं.

आणि आता लेपाचा फेरा उलटा फिरू लागला आहे. मेलबर्नचे त्वचारोगतज्ज्ञ रॉडनी सिंक्लेअर यांनी रक्तदाबाच्या मात्रेच्या अगदी लहानशा भागात मिनॉक्सिडिल गोळीतून देऊन बघितलं, आणि गेल्या काही वर्षांत ही चाल जगभर पसरली. रक्तदाबाला दिवसाला १० ते ४० मिग्रॅ लागत. केसांसाठी बायकांना पाव-अर्ध्यापासून सुरुवात, पुरुषांना अडीच ते पाच. टाळूत विकर कमी असलं तरी यकृतात ते आहे, त्यामुळे लोशनने ज्यांना काही झालं नाही त्यांतल्या काहींना गोळीने होतं. केसांसाठी गोळीला अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या चाचणीत पाच मिग्रॅ गोळी रोज आणि ५ टक्के लोशन दिवसातून दोनदा अशी तुलना केली. चोवीस आठवड्यांनी गोळी सरस ठरली असं म्हणता आलं नाही. तरी लोक गोळीच मागतात, कारण चिकट डोकं घेऊन ऑफिसला जायचा कुणालाही कंटाळा येतो. डॉक्टर पायांची सूज बघतात, नाडी मोजतात, हृदयाची जुनी तक्रार विचारतात. बायकांना आधीच सांगून ठेवतात की गालावर आणि कानशिलांवर लव वाढेल. चिडसींच्या रुग्ण बायकांनी ज्या केसांपायी औषध नको म्हटलं होतं, ते आता डोक्यावर यावेत म्हणून गोळी घेतली जाते आणि गालावर आलेल्यांसाठी लेझरची वेगळी वेळ घेतली जाते.